अव्वल

माझा बा कलेक्टरला कधी कलेक्टर म्हणालाच नाही. निजाम गेला, त्याचा रुपया गेला, आमचं अहमदपूर बिदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादेत आलं, तरी बाच्या तोंडात जिल्ह्याच्या साहेबाचं नाव 'अव्वल तालुकदार' हेच राहिलं. निजामाच्या राज्यात तसंच म्हणत. अव्वल म्हणजे पहिला. त्याच्या हाताखालचा तो दुय्यम तालुकदार.

बा लहान असताना बिदरहून असाच एक अव्वल तालुकदार गावावर आला होता. गावकीच्या रिवाजाप्रमाणे साहेबाचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचं काम आमच्या वस्तीचं. मोठ्यांनी तंबूचे बांबू घेतले आणि बाच्या डोक्यावर साहेबाच्या आंघोळीचं घंगाळ आलं. घंगाळ रिकामं होतं, पण तांब्याचं. ते मानेत कसं रुतलं होतं हे तो आम्हाला पुढे कितीदा तरी सांगायचा, आणि दर वेळी मानेला हात लावायचा. साहेब दिसायला कसा होता, असं मी एकदा विचारलं. बा म्हणाला, मान वर करायची नव्हती, मग दिसणार कसा?

छप्पन साली बा दीक्षा घेऊन आला आणि त्याच हिवाळ्यात मी जन्मले. त्याने गावकीची कामं टाकली, त्यापायी गावही सोडावं लागलं, आणि अहमदपूरला एका शाळेत तो शिपाई म्हणून लागला. घंटा द्यायची, फळे पुसायचे, माठ भरायचे. निकालाच्या दिवशी जुने मास्तर वर्गावर्गातून कोण अव्वल आलं ते मोठ्याने वाचायचे. बा दाराशी उभा राहून ऐकायचा. ऐकता ऐकता त्याने डोक्यात एक गाठ मारली, ती मग कुणाला सुटली नाही. वर्गात जो अव्वल येतो त्याला सरकार वेचून नेतं आणि पुढे तोच अव्वल तालुकदार होतो. शब्द एकच, मग वाट वेगळी कशाला असेल?

आमच्या घरातलं शैक्षणिक नियोजन म्हणतात ते एवढंच. हसू नका. आज लातुरात गल्लोगल्ली क्लासवाले जे तक्ते भिंतीवर लावून बसतात ते मी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा आमचं नियोजन फार वाईट नव्हतं, आणि फुकट होतं.

मी अव्वल यायची. हुशार होते हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे दुसरी येण्याची भीती वाटायची. आमच्या घरात 'दुय्यम' ही शिवी होती. भाकर करपली की बा म्हणायचा, दुय्यम झाली. बैल अडला, दुय्यम. सातवीत मी एकदा खरोखरच दुसरी आले, तर तो ओरडला नाही, मारलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या वर्गाचा फळा पुसायला आला नाही. मास्तरांनी मलाच पुसायला लावला. पोरी हसल्या. त्या दिवसापासून मला अभ्यासाची गोडी लागली असं माझ्या सत्काराच्या भाषणात कुणीतरी सांगितलं होतं. गोडी कसली डोंबलाची.

मी दहावीत असताना दुष्काळ पडला. आधीची वर्षंही कोरडीच गेली होती, पण त्या वर्षी विहिरींचे तळ दिसले. अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी खाऊन घरोघरी पोटं बिघडली. आई चाकूरच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुट्टीच्या दिवशी मी आणि बाही जायचो. तो तिच्याबरोबर दगड उचलायचा आणि मी ढिगाच्या सावलीत पुस्तक घेऊन बसायची. बायका म्हणायच्या, पोरगी लई पढून राहिली, हिला काय अमीन करताव का? अमीन म्हणजे निजामाच्या वेळचा फौजदार. बा म्हणायचा, अमीन न्हाई, अव्वल तालुकदार. बायकांना वाटायचं उन्हाने याचं डोकं फिरलं.

एक दिवस उस्मानाबादहून जीप आली. मुकादमाने शिट्टी मारली, सगळे उभे राहिले. कलेक्टर उतरला तो तरुण होता, दक्षिणेकडचा असावा, मराठी तुटक बोलत होता. बायकांना सुकडी वाटत होते, त्यातली चिमूटभर तोंडात टाकून तो चव बघत होता. तेवढ्यात बाने मला दंडाला धरून पुढे ढकललं आणि विचारलं, लेक अव्वल येते, हिला तुमच्यावानी करायचं तर काय शिकवू? विचारताना त्याची नजर साहेबाच्या बुटांवर होती. साहेब म्हणाला, "काही पण चालतं. बी.ए. पण चालतं. मग परीक्षा आहे." मग माझ्या डोक्यावर सुकडीचाच हात ठेवला आणि तहसीलदाराकडे वळून विचारलं, यात गूळ कमी का?

कलेक्टर खोटं बोलला नाही. पण बाने त्यातलं 'बी.ए. चालतं' तेवढं उचललं आणि 'मग परीक्षा आहे' हे तिथेच खडीत टाकून आला.

मॅट्रिकला मी तालुक्यात पहिली आले तेव्हा हेडमास्तर स्वतः घरी आले. गणितातले गुण बघा म्हणाले, सायन्सला घाला, पोरगी डॉक्टर होईल. बाने त्यांना चहा पाजला, खाली बसून सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अव्वल तालुकदारानं सोता बी.ए. सांगितलंय, तुमचं काय ऐकू? माझ्या मागून दुसरी आलेली मुलगी सायन्सला गेली. तिच्या दवाखान्याची पाटी लातूरच्या मोठ्या रस्त्याला आहे आणि माझं ब्लडप्रेशर तीच तपासते.

नांदेडला कॉलेजात गेल्यावर मला कळलं की सरकार कुणाला वेचून नेत नाही. परीक्षा असते, दिल्लीची, लेखी आणि तोंडी, आणि ती द्यायला वयाची हद्द असते. हे मला राज्यशास्त्राच्या सरांनी सांगितलं. सर आमच्यापैकी नव्हते, पण माणूस भला. भल्या माणसाने केलेलं नुकसान जास्त छळतं, कारण त्याला शिव्या देता येत नाहीत. त्यांनी एका संध्याकाळी रिकाम्या वर्गात फळ्यावर चौकोन आणि बाण काढून माझी सगळी वाट आखून दिली. बी.ए., मग एम.ए., मग पोटापुरती एखादी नोकरी, मग निवांत तयारी आणि मग परीक्षा. मी म्हणाले, वय निघून जाईल. तर सर हसले आणि म्हणाले, घाई कशाला करतेस, तुम्हा लोकांना वयात सूट आहे.

आम्हीही तेच धरून चालत होतो. होस्टेलातल्या आमच्या सगळ्या पोरापोरींना शिष्यवृत्ती मिळत होती ती बौद्ध म्हणूनच. महाराष्ट्र सरकारने आमच्या नव्या नावाला जुन्या सवलती दिल्या होत्या. मुंबई देते म्हणजे दिल्ली देणारच, एकाच देशात आहेत ना दोघी? असं कुणी मोठ्याने विचारलंही नाही, इतकं ते आम्हाला उघड वाटत होतं. मी फळ्यावरची वाट वहीत न उतरवता पाठ केली आणि एकेक चौकोन ओलांडत सावकाश चालत राहिले.

एम.ए. होऊन मी नांदेडलाच एका शाळेत तासावर शिकवत होते तेव्हा लातूर जिल्हा झाला. लातुरात हलगी वाजली, गुलाल उधळला. उस्मानाबादला जाताना ज्यांची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडायची ते लोक खरंच आनंदले होते. नवा जिल्हा म्हणजे नवं कलेक्टर ऑफिस, आणि नव्या ऑफिसात भरती. बा नांदेडला धावत आला. म्हणाला, जा, कचेरीत घुस. दारात शिरलेला माणूस कधी ना कधी माडीवर चढतो. मला ते खटकलं, पण सरांचा 'पोटापुरती नोकरी' हा चौकोनही समोरच होता. मी अर्ज केला आणि कारकून म्हणून लागले. लग्नाची जी स्थळं आली ती बाने परत पाठवली होती, त्यांतली दोन कारकुनांची होती. अव्वल तालुकदार होणाऱ्या पोरीला कारकून कसा चालेल, असं तो म्हणाला होता.

ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं. उस्मानाबादहून ट्रक भरून दप्तर आलं, लाल फडक्यांत बांधलेले रुमालच्या रुमाल. ते लावून घ्यायच्या कामावर मला एका म्हाताऱ्या कारकुनाबरोबर बसवलं. तो आमच्याच समाजाचा, पण निजामाच्या शाळेत शिकलेला, उर्दू वाचणारा. एका पिवळ्या कागदावरचा शिक्का त्याने मला वाचून दाखवला: अव्वल तालुकदार, जिल्हा बिदर. मी तो शब्द त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलेला पाहिला. धुळीने शिंका येत होत्या, आणि बा इतकी वर्षं बरोबरच म्हणत होता याचा मला रागच आला.

राज्याची परीक्षा का नाही दिली, असं मला पुष्कळजण विचारतात. तिथे सूट होती, डेप्युटी कलेक्टर होता आलं असतं, पुढे चढतही गेले असते. मी तसं बाला सांगितलंही. त्याने विचारलं, डेप्युटी म्हंजी काय? मी सांगितलं, कलेक्टरच्या हाताखालचा. तो म्हणाला, "म्हंजी दुय्यम तालुकदार. दुय्यम व्हायला तुला अव्वल आणली का मी?" मग चोरून एकदा ती परीक्षा दिली. लेखी निघाली. तोंडीला समोरच्या गृहस्थांनी विचारलं, लग्न झाल्यावर दौरे कसे कराल? मी म्हणाले, जीपमध्ये बसून. तिथेच संपलं ते. पुन्हा देण्याची उभारी राहिली नाही, कारण ती घरी लपवून द्यावी लागायची.

दिल्लीची तयारी मात्र मी मन लावून केली. ऑफिस सुटलं की वाचनालय, वाचनालय बंद झालं की खोली. एक दिवस परीक्षेची जाहिरात आली. वयाच्या सवलतीखाली अनुसूचित जाती असं लिहिलं होतं, ते वाचून मी निश्चिंत झाले आणि सहज पुढचे नियम वाचत गेले. अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीख धर्माचाच हवा, असं तिथे होतं. आमचं नाव कुठेच नव्हतं. मी ते ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मुंबईच्या हिशेबात मी होते, दिल्लीच्या हिशेबात नव्हते. आणि सूट काढून टाकली तर माझं वय नुकतंच उलटून गेलं होतं. चौकोन ओलांडताना मी जी वर्षं निवांत घालवली, ती माझी नव्हतीच.

म्हाताऱ्या कारकुनाला मी हे सांगितलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की बापाच्या शाळेचा जुना दाखला काढ, त्यावर धर्म हिंदू आणि जात जुनी असेल, त्यावरून तुझा दाखला करून घे. "माझ्या पोराचं म्याच केलं," तो म्हणाला. "नोकरी दिल्लीची, धरम घरचा. बुद्धाला काय राग येतो का बाई?" मला त्याचा राग आला नाही. त्याचा पोरगा रेल्वेत चांगल्या जागेवर होता.

पुढच्या रविवारी बा लातूरला आला. मी त्याला जेवू घातलं आणि मग सगळं सांगितलं. त्याचा चौथीपर्यंतचा दाखला पत्र्याच्या पेटीत होता हे मला माहीत होतं. जातीच्या रकान्यातला तो शब्द मी इथेही लिहीत नाही, तेव्हाही आम्ही दोघांनी तो उच्चारला नाही. बा ताटातल्या खरकट्यावर बोट फिरवत बसला.

मग म्हणाला, "त्यो शब्द म्या एकदा रस्त्यात टाकला. उचलाया वाकणार न्हाई."

"तू कशाला वाकतोस? अर्ज माझा हाय," मी म्हणाले.

"हाव. पर तू तर त्या नावात जलमलीच न्हाईस. तुला कुठून देऊ?"

"मग मला अव्वल तरी कशाला म्हणत आलास?"

तो उठला. हात धुतला, पिशवी घेतली आणि स्टँडवर गेला. मी अर्ज केला नाही. माझा बा थोर होता असं आमच्या समाजात अजून सांगतात, एका कार्यक्रमात तर ही गोष्ट ऐकून लोक टाळ्या वाजवत होते. मीही स्टेजवर बसून हसले. थोरपणा त्याचा, उलटलेलं वय माझं, असं तिथे बोलायची सोय नव्हती. बरं, तो चुकला असंही मला म्हणता येत नाही. तेच तर खातं मला.

आणखी काही वर्षांनी दिल्लीने बौद्धांना मान्य केलं. ऑफिसात आमच्या लोकांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. तोवर ती सूट मिळूनही माझं वय आत येत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला बढती मिळाली. कारकुनाच्या वरची जी जागा असते तिला आमच्या खात्यात अव्वल कारकून म्हणतात. निजामाचं सगळं पुसलं, तरी हा शब्द मुंबईच्या दप्तरातही आधीपासून बसलेला होता. मी अहमदपूरला गेले आणि बाला सांगितलं, बा, बढती झाली, अव्वल— आणि पुढचा शब्द बोलायच्या आत तो उठून उभा राहिला. तेव्हा त्याला कमी ऐकू यायचं, पण एवढं नेमकं ऐकू आलं. त्याने काठी घेतली आणि शाळेत जाऊन सांगून आला की माझी लेक अव्वल झाली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य पुरं केलं नाही.

आठवड्याने तो न सांगता ऑफिसात आला. नवं धोतर, निळी टोपी. माझं टेबल कलेक्टरांच्या दालनाबाहेर होतं. मी त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. बंद दाराकडे बोट करून त्याने विचारलं, "तुझी जागा ती का?" मी म्हणाले, न्हाई बा, ही. त्याने माझ्या टेबलावरून हात फिरवला, फायलींचा ढीग पाहिला, आणि आत्तापुरती बसायची जागा असेल असं समजून मान डोलवली.

तेवढ्यात दार उघडलं आणि कलेक्टर बाहेर आले. माझ्यापेक्षा बरेच लहान, नुकतेच बदलून आलेले. बाने काठी टेबलाला टेकवली आणि तो वाकला. कमरेत वाकला, हात कपाळाला लावला. मी त्याचा दंड धरायला पुढे झाले, तोवर त्याने सांगूनही टाकलं, "ही माझी लेक. अव्वल."

साहेब खरंच चांगले होते. ते थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "हो, आमच्या अव्वल कारकून. यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही, आजोबा." आणि जिना उतरून गेले.

बा वाकलेलाच होता. मी त्याला सरळ केलं.

मी त्याला स्टँडवर नेलं. मी उसाचा रस घेतोस का विचारलं, तर नको म्हणाला. अहमदपूरची गाडी लागली, मी त्याला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उभी राहिले. गाडी सुरू झाल्यावर त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब दिसाया कसा हाय?"

"समोरच तर होता, बा."

"म्या कुठं मान वर केली?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. रोज चार वेळा त्यांच्यासमोर उभी राहते, फाईल उघडून धरते, सही करायच्या जागी बोट ठेवते आणि त्या बोटाकडे बघते. चष्मा आहे की नाही तेही आठवेना. गाडी वळेपर्यंत बा कानाला हात लावून वाट बघत होता.